वाळणे वेगळे, 'सेट' होणे वेगळे : टाइलांच्या फटींतील रसायन



गणपतीच्या मूर्ती शाडूच्या मातीच्या करतात, तशाच प्लास्टर ऑफ पॅरिसच्याही करतात. दोन्ही पदार्थ पाण्यात कालवावे लागतात. दोन्ही ओले असताना मऊ असतात आणि पुढे कडक होतात. या दोहोंतला फरक उघड होतो तो विसर्जनाच्या वेळी. शाडूची मूर्ती थोड्याच वेळात विरून तिचा चिखल होतो. प्लास्टरची मूर्ती मात्र पाण्यात दीर्घकाळ तशीच पडून राहते. असे का व्हावे?

याचे कारण असे की, शाडू वाळते. तिच्यातले पाणी हवेत निघून जाते आणि मातीचे कण एकमेकांजवळ येतात. पाणी परत मिळाले, की कण पुन्हा सुटे होतात. प्लास्टरचे तसे नाही. त्यातले बरेचसे पाणी उडून जाण्याऐवजी पदार्थाच्या स्फटिकांत कायमचे सामावले जाते. कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे आधी पाण्याचा अर्धा रेणू होता, तेथे आता दोन होतात. भिजवलेले प्लास्टर हाताला कोमट लागते, ते याच रासायनिक क्रियेमुळे. पहिला बदल भौतिक आहे, दुसरा रासायनिक. गवंडी याला 'माल सेट झाला' असे म्हणतात.

हा फरक पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीपुरता नाही. घरातल्या नव्या फरशीचे रूप आणि ती बसवणाऱ्या कारागिराच्या हातांचे आरोग्य त्यावर अवलंबून असते. ते कसे, हे आज टाइलांच्या फटी भरण्याच्या इपॉक्सी ग्राउटच्या उदाहरणावरून पाहू.

फट हवीच कशाला?

दोन टाइला एकमेकींना अगदी खेटून का बसवत नाहीत? पहिले कारण म्हणजे भट्टीतून निघालेल्या सर्व टाइला तंतोतंत एकाच मापाच्या नसतात. दुसरे कारण उष्णतेने होणारे प्रसरण. चिनी मातीच्या टाइलचा रेषीय प्रसरणांक एका अंशाला साधारणपणे दहा लाखांत ६ भाग एवढा धरू. टाइल ६०० मिलिमीटर लांब आहे आणि गच्चीवर पहाटे ते दुपार तिचे तापमान ३० अंशांनी वाढले असे समजा. मग लांबीतील वाढ ६०० × ०.०००००६ × ३० = ०.१०८ मिलिमीटर होईल. हे माप किरकोळ वाटते. पण ओळीत दहा टाइला असल्या तर ते एक मिलिमीटरच्या पुढे जाते. वाढीला जागाच नसेल तर टाइला उचलल्या जातात.

अशी ठेवलेली फट भरून काढावी लागते, नाही तर तिच्यातून पाणी आणि घाण खाली उतरते. आपल्याकडे पूर्वापार यासाठी पांढरे सिमेंट वापरत आले आहेत. सिमेंटही वाळत नाही, सेट होते; कारण पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते. मात्र क्रियेत न वापरलेले जादा पाणी निघून गेल्यावर आत असंख्य सूक्ष्म नलिका उरतात. केशाकर्षणामुळे त्या नलिका हळदीचे पाणी, चहा, तेल शोषून घेतात. स्वयंपाकघरातल्या ओट्यामागच्या पांढऱ्या रेघा काही महिन्यांत पिवळ्या-काळ्या होतात, त्याचे कारण हेच. इपॉक्सी ग्राउटमध्ये अशा नलिका जवळजवळ नसतात. म्हणून ओटा, न्हाणीघर, दवाखाना, खाद्यपदार्थांचे कारखाने अशा ठिकाणी ते पसंत करतात.

ताणलेले वलय

इपॉक्सी रेझिनचा शोध विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत लागला. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी स्वतंत्रपणे हे काम केले. गंमत अशी की, कास्तां यांच्यासमोर तेव्हा फरशी नव्हती; ते दातांच्या कवळीसाठी योग्य पदार्थ शोधत होते.

या रेझिनच्या लांबट रेणूच्या दोन्ही टोकांना एकेक लहान वलय असते. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन असे तीनच अणू मिळून ते बनते. कार्बनचे चार बंध एकमेकांपासून सुमारे १०९ अंशांवर असतील तर ते निवांत असतात. त्रिकोणी वलयात मात्र त्यांना सुमारे ६० अंशांत कोंबलेले असते. वाकवून दोरीने बांधलेल्या वेताच्या काठीसारखी ही स्थिती आहे. संधी मिळताच वलय उघडते आणि दुसऱ्या रेणूशी बंध जोडते. ही संधी देतो तो हार्डनर.

हार्डनरमध्ये अमाइन जातीचे रेणू असतात. त्यांच्या नायट्रोजनला जोडलेला एकेक हायड्रोजन रेझिनचे एकेक वलय उघडू शकतो. मैदानावरच्या मुलांची कल्पना करा. प्रत्येकाला दोनच हात असतील तर हात धरून त्यांची फक्त साखळी होईल. पण मधूनमधून पाच हातांची मुले उभी केली, तर साखळ्या एकमेकींना बांधल्या जाऊन चोहोबाजूंनी विणलेले जाळे तयार होईल. रेझिनचा रेणू हा दोन हातांचा मुलगा आणि हार्डनरचा रेणू पाच हातांचा. जाळे पूर्ण झाले, की फटीत भरलेला सारा माल जणू एकच महाकाय रेणू बनतो.

आता द्रावकाचा प्रश्न पाहा. नेलपॉलिश वाळल्यानंतरही अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते, थर्मोकोलही विरघळतो. कारण त्यांचे लांब रेणू एकमेकांत गुंतलेले असले, तरी एकमेकांना रासायनिक बंधांनी बांधलेले नसतात. द्रावक त्यांना एकेक करून सोडवून नेतो. जाळ्यातून मात्र एकही रेणू सुटा करता येत नाही. द्रावक आत शिरला तर जाळे थोडे फुगते, मऊ पडते, पण विरघळत नाही. आपल्या विषयाचे मर्म येथे आहे : इपॉक्सीचा डाग पुसायचा तो जाळे विणले जाण्यापूर्वी. विणून झाल्यावर तो सोडवणारे पाणी नाही की साबण नाही.

प्रमाण चुकवू नये

इपॉक्सी ग्राउट बहुधा तीन भागांत मिळते : रेझिन, हार्डनर आणि रंगीत बारीक वाळूची पूड. पूड भरीसाठी आणि रंगासाठी असते. क्रिया होते ती पहिल्या दोघांत. 'लवकर सेट व्हावे म्हणून हार्डनर जरा जास्त घाला' हा सल्ला कधीकधी ऐकू येतो. तो बरोबर आहे का? हिशेब करून पाहू.

एका साध्या रेझिनचा रेणुभार ३४० आहे आणि रेणूत वलये दोन. म्हणजे १७० ग्रॅम रेझिनमध्ये एक मोल वलये असतात. डाय-इथिलीन-ट्राय-अमाइन या हार्डनरचा रेणुभार १०३ आहे आणि त्यात क्रियेला उपयोगी पडणारे हायड्रोजन पाच. म्हणजे २०.६ ग्रॅम हार्डनरमध्ये असे हायड्रोजन एक मोल. तेव्हा १७० ग्रॅम रेझिनला २०.६ ग्रॅम, अर्थात १०० ग्रॅम रेझिनला सुमारे १२ ग्रॅम हार्डनर पुरतो. याहून जास्त घातला तर जादा रेणूंना जोडीदार मिळत नाही. कमी घातला तर रेझिनची वलये तशीच राहतात. दोन्ही प्रकारे जाळे विरळ होते आणि माल चिकट किंवा ठिसूळ राहतो.

ग्राउटच्या डब्यातील हार्डनर या उदाहरणातल्यापेक्षा निराळा असू शकतो, म्हणून प्रमाण डब्यावरचेच पाळावे. पूर्ण डबा एकदम लागणार नसेल, तर अंदाजाने अर्धा न ओतता तिन्ही भाग वजन करून घ्यावेत. कालवताना घमेल्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्यावा; तेथे न मिसळलेले रेझिन राहिले, तर फटीत तेवढा तुकडा कधीच कडक होत नाही.

घड्याळ आणि तापमापक

माल कालवला, की घड्याळ सुरू होते. ते किती वेगाने चालेल हे तापमान ठरवते. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते आर्‍हेनियस यांनी १८८९ साली रासायनिक क्रियेचा वेग आणि तापमान यांचा संबंध सूत्रात मांडला. त्यावरून एक ढोबळ नियम वापरात आहे : सामान्य तापमानाला होणाऱ्या अनेक क्रियांचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. एखादा माल २० अंशांना ६० मिनिटे वापरण्याजोगा राहत असेल, तर ३० अंशांना तो ३० मिनिटे आणि ४० अंशांना अवघी १५ मिनिटे टिकेल. महाबळेश्वरच्या थंडीत आरामात होणारे काम नागपूरच्या मे महिन्यात धावपळीचे होते, ते यामुळे. आणि येथे महत्त्व नुसत्या हवेच्या तापमानाला नाही. उन्हात तापलेल्या टाइलचे आणि डब्याचेही तापमान विचारात घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट आहे. वलये उघडताना उष्णता बाहेर पडते. ती निघून गेली नाही, तर माल तापतो. तापल्यामुळे क्रिया वाढते. क्रिया वाढल्यामुळे आणखी तापतो. एक लिटर माल १० सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती डब्यात आहे असे समजा. त्याचे पृष्ठफळ ६ × १०० = ६०० चौरस सेंटिमीटर. तोच माल अर्धा सेंटिमीटर जाडीचा पसरला, तर तो २००० चौरस सेंटिमीटर जागा व्यापेल आणि वरखाली मिळून त्याचे पृष्ठफळ ४००० चौरस सेंटिमीटर होईल. उष्णता बाहेर जायला जवळजवळ सातपट वाट मिळाली! म्हणून जाणते कारागीर माल डब्यात साठवून ठेवत नाहीत. कालवला, की लगेच फरशीवर ओततात आणि रबरी थापीने फटींत दाबतात. एका वेळी कालवायचाही थोडाच. डबा हाताला गरम लागू लागला, तर त्या मालाची वेळ संपत आली असे समजावे. त्यात पाणी घालून तो पातळ करणे म्हणजे जाळ्यात भोके पाडणे होय.

पुसण्याचे शास्त्र

फटी भरताना टाइलच्या पृष्ठभागावर माल लागतोच. जास्तीचा माल रबरी थापी उभी धरून आधी काढून घ्यावा. थापी फटींना समांतर न चालवता तिरपी, साधारण ४५ अंशांत चालवावी. समांतर चालवली तर तिची कड फटीत घुसून भरलेला माल उपसते. तिरपी चालवली तर कडेला दोन्ही बाजूंच्या टाइलांचा आधार मिळतो.

यानंतर पाण्याची पाळी. रेझिन पाण्यात विरघळत नाही, मग पाण्याने पुसले कसे जाते? हात तेलकट झाले म्हणजे साबण जे काम करतो, तेच येथे होते. पाण्याने धुता येणाऱ्या ग्राउटमध्ये पायसकारक द्रव्ये मिसळलेली असतात. पाणी आणि हलके घासणे मिळाले, की ताज्या मालाचे सूक्ष्म थेंब होऊन त्यांचे पाण्यात पायस बनते. प्रथम नायलॉनची मऊ घासणी किंचित ओली करून गोलगोल फिरवावी, म्हणजे थर सुटतो. मग ओला करून घट्ट पिळलेला स्पंज एकाच दिशेने, तिरपा ओढावा. पाणी बेताचेच वापरावे. फरशीवर डबके झाले, तर फटीतला माल धुपतो आणि रंग फिका पडतो.

सर्वांत जास्त चूक होते ती बादलीच्या बाबतीत. सुटलेला माल नाहीसा होत नाही, तो बादलीत जातो. समजा, ५ लिटर पाण्यात ५० ग्रॅम माल मिसळला. म्हणजे लिटरमागे १० ग्रॅम झाला. स्पंजमागे प्रत्येक चौरस मीटरवर ५० मिलिलिटर पाणी उरले, तर त्यातून अर्धा ग्रॅम माल पुन्हा फरशीवर आला. त्याची घनता पाण्याच्या दीडपट धरली, तर थराची सरासरी जाडी सुमारे ०.३ मायक्रॉन येते. ही जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास आहे, आणि म्हणूनच असा थर डोळ्यांना धुरकट पट्ट्यांसारखा दिसू शकतो. त्याच गढूळ पाण्यात स्पंज दहा वेळा बुडवला, तरी थर कमी होणार नाही. याउलट प्रत्येक वेळी स्वच्छ पाणी घेतले आणि दर खेपेला एक दशांश माल मागे राहिला असे धरले, तर दोन खेपांत एक शतांश आणि तीन खेपांत एक सहस्रांशच उरेल. तेव्हा पाणी वारंवार बदलणे हा टापटिपीचा हट्ट नसून ते साधे गणित आहे.

गढूळ पाणी लगेच मोरीत ओतू नये. पूड तळाशी बसून नळीत साचते. बादली तशीच ठेवून गाळ खाली बसू द्यावा आणि घट्ट झालेला गाळ कचऱ्यात टाकावा.

विजेरीने तपासणी

ओली फरशी नेहमी स्वच्छच दिसते. पाणी खाचखळगे भरून काढते आणि पृष्ठभाग आरशासारखा भासतो. वाळल्यावर धुरकट थर दिसू लागतो, पण तोवर माल सेट होत आलेला असतो. यावर उपाय सोपा आहे. टाइलचा एक भाग कोरड्या फडक्याने पुसा, खोलीत अंधार करा आणि विजेरी जमिनीलगत आडवी धरा. चकचकीत टाइलवरून प्रकाशाचे नियमित परावर्तन होते आणि तो पलीकडे निघून जातो. वरून पाहणाऱ्याला तेथे काळोख दिसतो. जेथे थर उरला आहे, तेथे पुडीचे कण प्रकाश चोहोकडे विखुरतात आणि तो भाग उजळ दिसतो. काम चालू असतानाच ही तपासणी केली, तर राहिलेला थर स्वच्छ पाण्याच्या आणखी एका खेपेत निघतो.

टाइल कोणत्या प्रकारची आहे यालाही महत्त्व आहे. चकचकीत झिलईवर छिद्रे नसतात, त्यामुळे थर वरवर राहतो. झिलई नसलेल्या टाइलला आणि नैसर्गिक दगडाला सूक्ष्म छिद्रे असतात. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या काचनळीत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढते, आणि नळी जितकी बारीक, तितके ते अधिक चढते. छिद्रांत शिरलेले रेझिन तेथेच सेट झाले, तर रंगाचा डाग कायमचा राहतो. म्हणून उरलेल्या एखाद्या तुकड्यावर आधी भरून आणि पुसून पाहावे.

वेळ टळून गेली तर?

'राहिलेला थर अ‍ॅसिडने निघेल' अशी समजूत सर्रास आढळते. सिमेंटच्या बाबतीत तिला आधार आहे. सिमेंटच्या पांढऱ्या थरात कॅल्शियमची हायड्रॉक्साइड व कार्बोनेट अशी संयुगे असतात आणि आम्लाशी त्यांची क्रिया होते. सेट झालेल्या इपॉक्सीत असे काही नसते, त्यामुळे आम्ल त्या थरापुढे निष्प्रभ ठरते. पण फरशी शहाबादी, कोटा, कडाप्पा किंवा संगमरवर अशी असेल, तर ती स्वतःच कॅल्शियम कार्बोनेटची असते! डाग तसाच राहतो, फरशी फसफसते आणि तिची झळाळी जाते. नुकताच धरू लागलेला पातळ थर काढायला काही उत्पादक पाण्यात थोडे व्हिनेगर घालायला सांगतात. तेही आम्लच आहे, म्हणून अशा दगडांवर ते वापरू नये. आणि कोणतेही आम्ल ब्लीचिंग पावडरच्या सान्निध्यात कधीही आणू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पूर्ण सेट झालेल्या थरासाठी खास द्रव मिळतात. ते जाळे विरघळवत नाहीत, तर फुगवून मऊ करतात. मग थर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा लागतो. हे काम वेळखाऊ आहे आणि त्यात फटीतला मालही मऊ पडण्याचा धोका असतो. पहिल्या तासातली पाच मिनिटे वाचवली, तर पुढे पाच तास मोजावे लागतात ते असे.

हातांची किंमत

जे अमाइन रेझिनची वलये उघडते, ते कातडीलाही त्रासदायक असते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, रेझिन आणि हार्डनर वारंवार लागत राहिल्यास काहींच्या शरीराला त्यांची अ‍ॅलर्जी जडते. ती एकदा जडली, की पुढे अगदी थोडा माल लागला तरी खाज, पुरळ, सूज येते आणि कारागिराला ते काम सोडण्याची पाळी येऊ शकते. म्हणून नायट्राइल रबराचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा, खिडक्या उघड्या हव्यात. हाताला माल लागलाच तर तो लगेच साबण-पाण्याने धुवावा. थिनर किंवा अ‍ॅसिटोनने हात पुसणे घातक आहे. ते कातडीवरचे स्निग्ध आवरण काढून टाकतात आणि माल आत शिरायला वाट करून देतात. तुमच्या घरी असे काम निघाले, तर कारागिराच्या हातात मोजे आहेत का, हे आवर्जून पाहा. नसतील तर आणून द्या.

करून पाहा

(१) शाडूचा व प्लास्टर ऑफ पॅरिसचा एकेक लहान गोळा करून दोन दिवस कडक होऊ द्या. दोन्ही पाण्यात ठेवून दर पाच मिनिटांनी निरीक्षण नोंदवा.

(२) शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, दोन नळ्यांत मिळणारा इपॉक्सी चिकटपदार्थ सूचनेप्रमाणे कालवा. त्याचे सारखे ठिपके तीन पत्र्याच्या झाकणांवर ठेवा. एक झाकण बर्फाच्या पाण्यावर, दुसरे सावलीत, तिसरे उन्हात ठेवून प्रत्येकाचे तापमान मोजा. काडी लावून उचलल्यावर तार सुटेनाशी होईपर्यंतची वेळ टिपा. वेळ आणि तापमान यांचा आलेख काढा. दर १० अंशांचा नियम कितपत लागू पडतो?

विचार करा

(१) रात्रभर उघडा राहिलेला सिमेंटचा कट्टा कडक होतो, पण रेझिनचा डबा तसाच राहतो. का?

(२) सिमेंट सेट होत असताना त्यावर पाणी मारतात. इपॉक्सीवर का मारत नाहीत?

(३) एका खेपेला एक दशांशऐवजी एक पंचमांश माल मागे राहत असेल, तर तो एक सहस्रांशाहून कमी व्हायला स्वच्छ पाण्याच्या किती खेपा लागतील?